फतहुल्लाह शिराझी : गाडीवर जातं बसवणारे उस्ताद

जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर, मळवली-कार्ल्यापासून लोणावळ्यापर्यंत, गाड्यांवर हात चालवून घर चालवणारी माणसं आपल्या ओळखीची आहेत. पत्रा ठोकून सरळ करणारा उस्ताद आणि शेजारी पान्हे पुसत, बघत-बघत शिकणारा पोरगा, ही जोडी आपल्या समाजाला नवी नाही. मोटारीच्या सुरुवातीच्या काळात तर कारखान्यातून बऱ्याचदा नुसती चासी आणि इंजिन यायचं. वरची बॉडी बांधायचे ते पूर्वी बग्ग्या बांधणारेच कारागीर. लाकडाचा सांगाडा आणि त्यावर हाताने घडवलेला पत्रा. म्हणजे गाडी बांधण्याची विद्या मोटारीपेक्षा कितीतरी जुनी. या विद्येतलं एक मोठं नाव आपल्या दख्खनमधून गेलेलं आहे. मीर फतहुल्लाह शिराझी. आज आम्ही त्यांची आठवण काढतोय.

शिराझहून विजापूरला

फतहुल्लाह मूळचे इराणातल्या शिराझ शहराचे. गणित, खगोल, वैद्यक, तर्कशास्त्र आणि यंत्रविद्या, सगळ्यांत पारंगत. त्यांची कीर्ती ऐकून विजापूरचे सुलतान अली आदिलशाह पहिले यांनी त्यांना दख्खनला बोलावून घेतलं. अहमदनगरच्या चाँदबीबी याच सुलतानाच्या बेगम. १५८० मध्ये अली आदिलशाहांचा खून झाला, गादीवर नऊ वर्षांचा मुलगा आला आणि दरबारात ओढाताण सुरू झाली. पुढे अकबर बादशहाचं बोलावणं आलं आणि १५८३ मध्ये फतहुल्लाह फतेहपूर सिक्रीला पोचले.

तिथे त्यांनी काय नाही केलं? १५८५ मध्ये त्यांना अमीन-उल-मुल्क केलं गेलं आणि राजा तोडरमल यांनी महसुलाची कामं त्यांच्या सल्ल्याने करावीत असं ठरलं. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असतं, त्यामुळे सारावसुलीची तारीख आणि पीक यांचा मेळ बसत नसे. फतहुल्लाह यांनी सूर्यावर चालणारं इलाही पंचांग बांधून दिलं.

चालता-चालता दळणारी गाडी

पण आम्हाला जास्त ओढ आहे ती त्यांच्या हातच्या कामाची. त्यांनी गाडीवर जातं बसवलं. गाडी चालली की तिच्याच चालीवर धान्य दळलं जायचं. लष्कर मुक्कामाला पोचेपर्यंत पीठ तयार! १७ नळ्या जोडून एकाच बत्तीने डागायची बंदूक आणि बैलाने फिरवायच्या चाकावर एका वेळी १६ नळ्या साफ करणारं यंत्र, हेही त्यांचंच काम मानलं जातं.

गंमत बघा, ‘आईन-ए-अकबरी’त या सगळ्या शोधांचं श्रेय थेट बादशहाला दिलंय. इतिहासकार निजामुद्दीन अहमद यांनी मात्र गाडीवरच्या जात्याचं श्रेय फतहुल्लाह यांनाच दिलं. काम कारागिराचं आणि नाव मालकाचं, हा रिवाज तेव्हाही होता.

तोंडाचे तिखट, शिकवायला तयार

एवढा मोठा माणूस, पण अमीरांच्या घरी जाऊन सात-आठ वर्षांच्या पोरांना शिकवायला त्यांना कमीपणा वाटला नाही. खांद्यावर बंदूक, कमरेला दारूची पिशवी, अशा थाटात ते बादशहाच्या स्वारीबरोबर धावायचे. मुल्ला बदायुनींना हे विद्वानाला न शोभणारं वाटलं आणि त्यांनी तसं लिहूनही ठेवलं. आणखी एक तक्रार त्यांनी नोंदवली. एरवी अतिशय सभ्य असलेले फतहुल्लाह शिकवायला बसले की शिव्यांचा पट्टा सुरू करत, म्हणून शागीर्द टिकत नसत. गॅरेजात शिकलेल्या कुणालाही हे वाचून हसू येईल!

तरी काही शागीर्द टिकलेच. लाहोरच्या मुल्ला अब्दुस्सलाम यांच्यापासून ही साखळी पुढे पिढ्यान् पिढ्या चालत लखनौच्या फिरंगी महालापर्यंत गेली. तिथल्या मुल्ला निजामुद्दीन (मृत्यू १७४८) यांच्या नावाचा ‘दर्स-ए-निजामी’ अभ्यासक्रम आजही मदरशांत चालतो. त्यातल्या तर्क आणि गणिताच्या परंपरेत फतहुल्लाह यांचा वाटा मानला जातो.

१५८९ मध्ये बादशहाबरोबर काश्मीरला गेलेले असताना त्यांना ताप आला. ते स्वतःच वैद्य, त्यामुळे दुसऱ्या हकिमाचं ऐकलं नाही. तापात हरिसा खाल्ला आणि त्या आजारातून ते उठले नाहीत, असं सांगतात. श्रीनगरच्या तख्त-ए-सुलेमान टेकडीवर त्यांना दफन केलं गेलं. बादशहाला या मृत्यूचं फार दुःख झालं.

आपण काय घ्यायचं?

त्यांची किताबी विद्या शागिर्दांकडून शागिर्दांकडे गेली आणि साडेचारशे वर्षांनंतरही तिचा माग लागतो. त्यांची दळणारी गाडी मात्र उरली नाही. तिचं माप, तिची दाती, चाकाचा जोर जात्यापर्यंत कसा नेला, हे कुणी शिकून पुढे नेल्याचं दिसत नाही. उरल्या त्या चार ओळी.

आज आपल्याकडे जुन्या गाडीचा मडगार्ड हातोडीने हुबेहूब घडवणारे, लाकडी सांगाडा बसवणारे उस्ताद म्हातारे होत चाललेत. त्यांची पोरं दुसऱ्या कामाला लागलीत. त्यात गैर काही नाही. पण ही विद्या शिकायची इच्छा असलेली पोरंही आहेत, आयटीआयमध्ये आहेत, गॅरेजात आहेत. उस्तादांनी त्यांना जवळ बसवावं, माप वहीत उतरवू द्यावं, मोबाईलवर काम टिपू द्यावं. आणि हो, शिव्या जरा कमी द्याव्यात. समाजातल्या जाणत्यांनीही डिग्रीवाल्या पोरांचे सत्कार जरूर करावेत, पण त्याच मंचावर एक खुर्ची मिस्त्रीसाठी ठेवावी.