तरुण फेरोजशहा आणि मुंबईची म्युनिसिपालिटी

म्युनिसिपल निवडणूक म्हणजे गटारें, दिवे आणि कंत्राटें यांची भानगड. तींत शिकल्यासवरल्या तरुणानें पडूं नये, ही समजूत आमच्या मध्यम वर्गांत आणि व्यापारी पेठेंतही फार खोल रुजलेली आहे. दिल्लीच्या राजकारणाची खडान्‌खडा माहिती असणाऱ्या तरुणास आपल्या प्रभागाचा सभासद कोण, हें विचारावें तर बहुधा उत्तर मिळत नाहीं. मुंबईंत २०१७ सालीं शेंकडा ५५ च्या सुमारास मतदान झालें, आणि तें मागील खेपेपेक्षां पुष्कळ वाढलें म्हणून सर्वांनीं समाधान मानलें. म्हणजे निम्म्याहून थोडेंसेंच अधिक शहर मत देण्यास घराबाहेर पडलें, तरी तो आपल्याकडे संतोषाचा विषय होतो! अशा स्थितींत सर फेरोजशहा मेहता यांच्या चरित्राकडे वाचकांनीं पुन्हा एकवार पाहावें, अशी आमची इच्छा आहे. १८९० च्या कलकत्ता काँग्रेसचे अध्यक्ष, सरदार-सावकारांत वावरणारे, मुंबईचे बिनमुकुटाचे राजे म्हणून लोकांनीं गौरविलेले फेरोजशहा सर्वांस ठाऊक आहेत. आम्हांस त्यांच्या आधींचा, सव्वीस वर्षांचा, फारशी वकिली न जमलेला बॅरिस्टर अधिक महत्त्वाचा वाटतो.

त्यांचा जन्म ४ ऑगस्ट १८४५ रोजीं मुंबईंत झाला. वडील मेरवानजी हे व्यापारी. एल्फिन्स्टन कॉलेजांत सर अलेक्झांडर ग्रँट या प्रिन्सिपॉलांची त्यांच्यावर मर्जी बसली. १८६४ सालीं ते पदवीधर झाले आणि पुढें एम्. ए. ही परीक्षाही त्यांनीं दिली. रुस्तमजी जमशेटजी जिजीभाई यांनीं हिंदी तरुणांस बॅरिस्टर होण्यासाठीं विलायतेस पाठविण्याकरितां मोठी देणगी देऊं केली होती. तींतून फेरोजशहा लंडनास गेले. परंतु १८६५ सालीं कापसाचा बाजार कोसळला, मुंबईंतील मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या, आणि रुस्तमजींच्या देणगीचीही तीच गत झाली. लंडनांत दादाभाई नौरोजींच्या घरीं त्यांचें जाणें-येणें असे; बद्रुद्दीन तय्यबजी आणि उमेशचंद्र बॅनर्जी यांची ओळख तेथलीच. १८६८ सालीं लिंकन्स इनमधून बॅरिस्टर होऊन ते परत आले.

त्या वेळची मुंबईची राज्यव्यवस्था कशी होती हें सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट समजणार नाहीं. १८६५ च्या कायद्यानें शहराचा कारभार नांवाला जस्टिस ऑफ दि पीस या मंडळींच्या हातीं होता. हे जस्टिस सरकारनें नेमलेले, लोकांनीं निवडलेला त्यांत एकही नाहीं. खरी सत्ता म्युनिसिपल कमिशनरच्या हातीं. पहिला कमिशनर आर्थर क्रॉफर्ड हा धडाडीचा पुरुष होता. त्यानें रस्ते रुंद केले, सांडपाण्याची व सफाईची व्यवस्था लावली, आजही ज्यास क्रॉफर्ड मार्केट म्हणतात तो बाजार उभारला. आणि हें सर्व करतांना तिजोरीकडे पाहिलें नाहीं. कर वाढले, कर्ज वाढलें, हिशेबाचा मेळ बसेना. १८७१ सालीं घरमालक, दुकानदार आणि इतर करदाते खवळून उठले. नौरोजी फर्दुनजींसारखे वयोवृद्ध व मान्य पुढारी त्यांच्या अग्रभागीं होते. कमिशनरचे हात बांधा, कारभार एका लहानशा कौन्सिलाच्या हातीं द्या, असा त्या चळवळीचा रोख होता.

लोक रागावलेले असले म्हणजे ज्याच्यावर राग आहे त्याच्या नांवानें बोटें मोडणें फार सोपें असतें, आणि सभा जिंकण्याचा तोच बिनचूक मार्ग. फेरोजशहांनीं तो धरला नाहीं. १८७१ च्या नोव्हेंबरांत धोबीतलावावरील फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्यें म्युनिसिपल सुधारणेवर त्यांनीं एक निबंध वाचला. क्रॉफर्डची उधळपट्टी त्यांनीं झांकली नाहीं. पण त्याच्या हातून शहराचें जें भलें झालें तेंही त्यांनीं निर्भीडपणें मांडलें. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें: दोष एका माणसाचा नव्हे, घटनेचा आहे. काम करणारा अधिकारी एकच असावा, म्हणजे जबाबदारी कोणाची हें स्पष्ट राहतें. दहा-बारा जणांच्या कौन्सिलानें अंमलबजावणी सुरू केली कीं यशाचे धनी सगळे आणि अपयशाचा धनी कोणीच नाहीं. परंतु त्या अधिकाऱ्यावर देखरेख ठेवणारी, पैसा मंजूर करणारी आणि हिशेब मागणारी सभा मात्र करदात्यांनीं स्वतः निवडलेली हवी. सरकारनें नेमलेले जस्टिस हें काम करणार नाहींत. कारण त्यांस कोणाजवळ जाब द्यावयाचा नसतो.

हें भाषण श्रोत्यांस मुळींच रुचलें नाहीं. कमिशनरला शिव्या ऐकावयास आलेल्या लोकांस त्याची बाजूही ऐकून घ्यावी लागली. तेव्हां सभागृहांत नाराजी उमटली यांत नवल नाहीं. ज्यांच्या हक्कासाठीं हा तरुण बोलत होता त्यांनींच त्यास परका मानलें. येथें आमच्या व्यापारी वाचकांस एक गोष्ट सुचवावीशी वाटते. आपल्या पेढीवरचा जमाखर्च चुकला तर आपण आधीं मुनिमास हांकलतां कीं वहीची पद्धत तपासतां? मुनीम बदलून पद्धत तीच ठेवली तर पुढल्या दिवाळींत पुन्हा तोच घोळ. फेरोजशहांनीं शहरास सांगितलें तें याहून निराळें नव्हतें.

१८७२ चा कायदा झाला तेव्हां त्यांत त्यांच्या म्हणण्याचा बराच अंश उतरला. चौसष्ट सभासदांची कॉर्पोरेशन झाली. त्यांतील बत्तीस करदात्यांनीं निवडावयाचे, सोळा जस्टिसांनीं आणि सोळा सरकारनें नेमावयाचे. कमिशनर राहिला, पण हिशेब मागणारा धनी बदलला. १८७३ सालीं पहिली निवडणूक झाली. मतदार होण्यास वर्षास पन्नास रुपये कर भरावा लागे. १८७२ च्या खानेसुमारींत साडेसहा लाखांच्या घरांत गेलेल्या शहरांत असे मतदार किती मूठभर असणार, हें सांगावयास नको. तरीही निम्म्या जागा लोकांच्या मतांवर मिळतात, ही गोष्ट हिंदुस्थानांत त्या काळीं लहान नव्हती; लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव यानंतर जवळजवळ दहा वर्षांनीं, १८८२ मध्यें, निघाला.

नव्या कॉर्पोरेशनच्या आरंभींच्या वर्षांतच फेरोजशहा तिचे सभासद झाले. १८८४ सालीं, एकोणचाळिसाव्या वर्षीं, अध्यक्षपद त्यांच्याकडे आलें. पुढें सरकारनें नवा कायदा आणला, आणि त्याच्या मूळ मसुद्यांत कमिशनरचें पारडें जड करून कॉर्पोरेशनला गौण करण्याचा डाव होता. कायदे-कौन्सिलांत फेरोजशहा आणि काशिनाथपंत तेलंग या दोघांनीं त्याचें कलम न् कलम उकलून लढविलें. तेलंगांनीं तेव्हां चाळिशीही गांठलेली नव्हती. लॉर्ड रे यांच्या अमदानींत १८८८ सालीं जो कायदा अखेर मंजूर झाला त्यांत शहराचा कारभार कॉर्पोरेशनच्या ठायीं आहे हें तत्त्व स्पष्ट राहिलें. सभासद बहात्तर झाले. गर्जना करणारे वक्ते आमच्याकडे उदंड. पण मसुदा हातीं घेऊन एका शब्दानें कोणाची सत्ता वाढते आणि कोणाची घटते हें पाहणारे थोडे. वकिलीच्या धंद्यांत आयुष्य गेल्यामुळें या गुणाचें आम्हांस अधिक मोल वाटतें, असें कोणी म्हटल्यास आम्ही तें नाकारीत नाहीं.

सत्ताधाऱ्यांस ते किती सलत होते हें १९०७ सालीं दिसलें. बडे गोरे अधिकारी आणि टाइम्स ऑफ इंडियाचे संपादक यांनीं एकत्र येऊन जस्टिसांच्या सोळा जागांसाठीं आपली यादी तयार केली; हेतु एकच, फेरोजशहांस बाहेर ठेवणें. त्यांची यादी निवडून आली आणि फेरोजशहा सतराव्या क्रमांकावर राहिले. पुढें एका निवडलेल्या सभासदाची जागा कायद्याच्या आक्षेपानें रिकामी झाली आणि ते परत आले, तो भाग निराळा. ज्या जस्टिसांच्या मतांवर ही बाजी मारतां आली ते सर्व सरकारचेच नेमलेले होते, हें मात्र लक्षांत ठेवण्याजोगें आहे. छत्तीस वर्षांपूर्वीं धोबीतलावावर त्यांनीं याच मंडळींवर विसंबूं नका असें सांगितलें होतें.

त्यांच्या राजकारणाशीं आमचें सर्वस्वीं जमतें असें नाहीं. सुरतेस १९०७ मध्यें काँग्रेस फुटली, त्या वादांत आमचा कौल त्यांच्या बाजूनें पडत नाहीं. शहराच्या कारभारांतही त्यांचा दोष होता. त्यांची छाया इतकी दाट पडली कीं तिच्याखालीं दुसरें झाड वाढणें कठीण झालें. स्वतः सव्विसाव्या वर्षीं वडीलधाऱ्यांच्या विरुद्ध उभा राहिलेला हा पुरुष उतारवयांत स्वतःविरुद्ध उठणारा आवाज फारसा सहन करीत नसे. आणि चाळींत राहणारा भाडेकरू त्यांच्या हयातींत बहुतांशीं मताधिकाराबाहेरच राहिला. १८९६ च्या प्लेगानें ज्या मांडवीच्या वस्तींत प्रथम पाय ठेवला, तेथील गिरणी-गोदीच्या मजुरांस आपल्या नळाविषयीं किंवा मोरीविषयीं मत देण्याचा अधिकार नव्हता. अधिकाराचें क्षेत्र ५ नोव्हेंबर १९१५ रोजीं फेरोजशहा वारल्यानंतर १९२२ मध्यें रुंदावलें, आणि प्रौढ मतदानानें मुंबईची पहिली निवडणूक १९४८ सालीं झाली.

आज अठराव्या वर्षीं मत आहे आणि एकविसाव्या वर्षीं उमेदवारी करतां येते. धोबीतलावावर उभे राहिलेल्या फेरोजशहांस यांतलें एकही नव्हतें; त्या वेळीं शहरांत कोणासच मत नव्हतें. मुंबई महापालिकेचें २०२५-२६ सालचें अंदाजपत्रक ७४ हजार कोटी रुपयांहून अधिक होतें. आणि तें कोणी मंजूर केलें? मार्च २०२२ मध्यें लोकनियुक्त सभेची मुदत संपली आणि निवडणुकीवांचून तीन वर्षांहून अधिक काळ लोटला. तेवढा वेळ कमिशनर हाच प्रशासक, तोच खर्च मागणारा आणि तोच मंजुरी देणारा! ज्या अवस्थेविरुद्ध १८७१ सालीं करदाते खवळले होते, तीच अवस्था शहरानें निमूटपणें भोगली. सभा भरल्या नाहींत असें नाहीं, पण तरुण पिढीचा जो संताप एखाद्या क्रिकेटच्या सामन्यावरून उसळतो, त्याचा शतांशही यासाठीं उसळला नाहीं.

महापालिकेच्या इमारतीसमोर फेरोजशहांचा पुतळा १९२३ पासून उभा आहे आणि रोज लक्षावधि लोक बोरीबंदरास उतरून त्याच्या जवळून जातात. त्यांच्या हातचा १८८८ चा कायदा, पुष्कळ दुरुस्त्या होऊन, आजही अंमलांत आहे. कायद्याच्या पुस्तकांच्या कोणत्याही दुकानीं तो मिळतो. कॉलेजांतील वादविवाद मंडळांनीं या वर्षीं एखादा तरी शनिवार त्याच्या वाचनास द्यावा, आणि वाचून झाल्यावर आपल्या प्रभागाच्या सभासदास बोलावून त्याचीं कलमें त्याच्यापुढें ठेवावीं. सभागृहास जागा नसेल तर व्यापारी मंडळींनीं आपलीं दालनें त्या संध्याकाळीं मोकळीं करून द्यावींत, अशी आमची त्यांस विनंती आहे.