मॅनिंगसाहेब आणि आमची वैनगंगा

सिव्हिलवाल्यांना मॅनिंग हे नाव नवीन नाही. फ्लुइड मेकॅनिक्सच्या पेपरपासून हा माणूस जो मागे लागतो तो डिग्री मिळेपर्यंत सोडत नाही. वेग बरोबर एक भागिले एन, गुणिले हायड्रॉलिक रेडियसचा दोन-तृतीयांश घात, गुणिले उताराचं वर्गमूळ. मलाही हे झोपेत विचारलं तरी सांगता यायचं. पण हा मॅनिंग कोण, कुठला, हे शोधावंसं कधी वाटलं नव्हतं. ते वाटलं आमचं मिनी प्रोजेक्ट फसलं तेव्हा.

विषय होता भंडाऱ्याचा पूर. ऑगस्ट २०२० च्या शेवटी वैनगंगेचं पाणी शहरात कसं शिरलं हे आपल्या जिल्ह्यात कोणाला सांगायला नको. माझ्या मावशीच्या घरात भिंतीवर ती मातकट रेघ नंतर कितीतरी दिवस होती, आणि काकांनी तिच्या शेजारी खिळा ठोकून ठेवलाय. आम्ही चौघांनी एसआरटीएमचा डीईएम फुकटात डाउनलोड केला, जीआयएसमध्ये नदीचे क्रॉस सेक्शन काढले आणि हेक-रासमध्ये भरले. रन केलं तर पाणी त्या खिळ्याच्याही खूप वर! मग मॉडेलमध्ये बदलायला सगळ्यात सोपं काय? एन. ०.०३५ चा ०.०२५ केला, मग ०.०२०, आणि ०.०१५ ला पातळी बरोब्बर खिळ्याला टेकली. आम्ही खूष. टपरीवर पार्टीसुद्धा झाली.

रिव्ह्यूला सरांनी टेबल पाहिलं आणि एवढंच विचारलं की वैनगंगेच्या पात्रात काँक्रीट कोणी आणि कधी ओतलं. कारण ०.०१५ म्हणजे जवळजवळ थापीने घोटलेलं काँक्रीट. वाळू, खडक, काठची झुडपं असलेली नदी एवढी गुळगुळीत असूच शकत नाही.

त्या रात्री चिडून मी मॅनिंगची माहिती काढायला बसले, आणि वाचतच राहिले.

रॉबर्ट मॅनिंग जन्मला १८१६ साली फ्रान्सच्या नॉर्मंडीत. वडील सैन्यात, आदल्याच वर्षी वॉटर्लूच्या लढाईत लढलेले. १८२६ मध्ये ते वारले आणि कुटुंब आयर्लंडला वॉटरफर्डला आलं. मोठा झाल्यावर मुलगा तिथे हिशेबनीस म्हणून काम करू लागला. होय मित्रांनो, अकाउंटंट! इंजिनिअरिंगची डिग्री त्याने आयुष्यात कधी घेतली नाही. (हे वाचून मला बरं वाटलं की वाईट, ते अजून ठरलं नाही.)

१८४६ मध्ये तो सरकारी बांधकाम खात्याच्या ड्रेनेज विभागात ड्राफ्ट्समन म्हणून लागला. वय तीस. ते साल लक्षात घ्या. बटाट्याचं पीक कुजून आयर्लंडमध्ये भयंकर दुष्काळ पडला होता आणि उपाशी माणसांच्या हाताला काम म्हणून नद्या-नाले खोल करायची कामं निघाली होती. आपल्याकडच्या रोजगार हमीसारखंच. नदीतून किती पाणी जाईल, पात्र किती खोल खणायचं, हे प्रश्न मॅनिंगपुढे परीक्षेत नाही, चिखलात आले. त्याच वर्षी तो असिस्टंट इंजिनिअर झाला आणि १८४८ मध्ये डिस्ट्रिक्ट इंजिनिअर. मग द'ओब्युसाँ या फ्रेंच इंजिनिअरचं हायड्रॉलिक्सचं पुस्तक मिळवून स्वतःच अभ्यास सुरू केला.

१८५५ पासून पुढची चौदा वर्षं त्याने एका मोठ्या जमीनदाराच्या, डाउनशायरच्या मार्क्विसच्या, इस्टेटीचं काम पाहिलं. याच काळात बेलफास्ट शहराच्या पाणीपुरवठ्याचं डिझाइनही केलं. पडलेल्या पावसातलं किती पाणी वाहून येतं याची त्याने प्रत्यक्ष मोजणी केली आणि १८६६ मध्ये त्यावर पेपर लिहिला. नंतर पुन्हा सरकारी खात्यात, आणि १८७४ पासून १८९१ मध्ये निवृत्त होईपर्यंत चीफ इंजिनिअर.

आणि तो फॉर्म्युला? तो त्याने डब्लिनला इंजिनिअरांच्या सभेत मांडला ४ डिसेंबर १८८९ ला. तेव्हा वय होतं ७३! आपण समजतो की सूत्र म्हणजे कुठल्यातरी नियमातून सिद्ध करत आणलेलं काहीतरी. इथे तसं काही नाही. मॅनिंगने त्या वेळी चालणारे सात फॉर्म्युले समोर घेतले. द्युबुआ, वाइसबाख, दार्सी आणि बाझँ, गांगिये आणि कुटर वगैरे मंडळींचे. पाव मीटरपासून तीस मीटरपर्यंतच्या हायड्रॉलिक रेडियससाठी प्रत्येकाने वेग काढला आणि सरळ सरासरी घेतली. त्या सरासरीला बसेल असं सूत्र शोधलं. अगदी हिशेबनिसाचं काम! दोन-तृतीयांश हा घातही बाझँच्या कृत्रिम कालव्यांवरच्या प्रयोगांवरून ठरला. तसे आकडे ०.६५ पासून ०.८४ पर्यंत कुठेही येत होते.

गंमत म्हणजे मॅनिंगला स्वतःला हे सूत्र पटलं नव्हतं. एक तर त्या काळी हाताने घनमूळ काढणं कटकटीचं. त्याहून मोठी तक्रार अशी की दोन्ही बाजूंची मितीच जुळत नाही. म्हणून तर फुटांत करताना १.४९ ने गुणावं लागतं, जे ३.२८ चं घनमूळ आहे. त्याने दुसरं, मितीत बसणारं सूत्र दिलं, त्यात हवेच्या दाबाची पाऱ्याची उंचीसुद्धा घातली. ते कोणीच वापरलं नाही. मॅनिंगसाहेब १८९७ मध्ये गेले. आपण ज्याला मॅनिंगचा एन म्हणतो तो मुळात कुटरचा. किंगच्या १९१८ च्या हँडबुकसारख्या पुस्तकांतून तो या सूत्राला कायमचा चिकटला. हे असंच सूत्र फ्रान्समध्ये गोक्लेने १८६७ मध्येच दिलं होतं, ते वेगळं.

म्हणजे एन हा मोजलेल्या पाण्यावरून मागे जाऊन काढलेला आकडा. म्हणूनच त्यात काहीही लपवता येतं. आम्ही तेच केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सगळं मुळापासून तपासलं. एसआरटीएम हे फेब्रुवारी २००० मध्ये स्पेस शटलमधून अकरा दिवसांत रडारने घेतलेलं मोजमाप. रडार पाण्याच्या आत जात नाही. त्यामुळे डीईएममध्ये आम्हाला नदीचा तळ मिळालाच नव्हता, मिळाला होता पाण्याचा पृष्ठभाग. काठावर जमीन म्हणून झाडांचे शेंडे. डोह गायब, पात्र उथळ, मग पुराचं पाणी वर चढणारच. ते खाली आणायला आम्ही नदी घोटून गुळगुळीत केली. पातळी जुळली, पण वेग पाहिलाच नव्हता! काही सेक्शनवर फ्रूड नंबर एकच्या वर गेला होता, म्हणजे आमची वैनगंगा सांडव्यावरून धावल्यासारखी धावत होती.

दुसरी चूक खालच्या टोकाला. आम्ही तिथे नॉर्मल डेप्थ देऊन मोकळे झालो होतो. पण भंडाऱ्याच्या खाली पवनी तालुक्यात गोसेखुर्दचं धरण आहे, त्याचा फुगवटा शहरापर्यंत येतो. २००० च्या डीईएमला तो जलाशय माहीतच नाही.

मग मोजलेले थोडे क्रॉस सेक्शन मिळाले, त्यांच्यावरून तळ खाली नेला, खालच्या टोकाला जलाशयाची पातळी दिली आणि पात्राचा एन ०.०३३ ठेवला. पाणी खिळ्याच्या ४० सेंटिमीटर वर आलं. तरी आता एनला हात लावला नाही. मग दोन्ही मॉडेलमध्ये सव्वापट पाणी सोडून पाहिलं. जुन्या, घोटलेल्या नदीत पातळी थोडीशीच वाढली. नव्यात चांगलीच वाढली. आमचा जुना रिपोर्ट कोणी खरा मानला असता, तर याहून मोठ्या पुरात पाणी मावशीच्या पहिल्या मजल्याला लागणार नाही असं त्याने सांगितलं असतं.

ते ४० सेंटिमीटर आम्ही रिपोर्टमध्ये वेगळ्या कॉलममध्ये तसेच लिहिले. सरांनी त्याखाली लाल पेनाने रेघ ओढली, शेरा काही दिला नाही. व्हायवात मात्र पहिलाच प्रश्न आला की मॅनिंग कोण होता. मी एवढं बोलत सुटले, की एक्स्टर्नलनी शेवटी घड्याळ दाखवलं.