राजाचा संसार

आसगावचे जुने घर आवरताना आजीचा अडकित्ता सापडला. मोडीत टाकणार, तोच पुण्याचे दिनकर केळकर आठवले. १८९६ साली जन्मलेले हे गृहस्थ ‘अज्ञातवासी’ नावाने कविता लिहीत आणि चष्म्याचे दुकान चालवीत. गावोगाव हिंडून त्यांनी दिवे, वज्र्या, अडकित्ते, कोरीव दरवाजे जमवले. पत्नी कमलाबाईंची साथ होतीच. मुलगा राजा लहानपणीच गेला. संग्रहाला त्यांनी त्याचेच नाव दिले आणि १९७५ मध्ये जमवलेले सारे महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केले. १९९० मध्ये तेही गेले. लोकांनी अडगळ म्हणून टाकलेल्या वस्तूंनी एका बापाच्या लेकराचे नाव राखले. मी अडकित्ता चिंचेने घासला आणि पानाच्या डब्यात परत ठेवला.