आधार : योगायोगाचा आणि हक्काचा

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या अपयशाची चर्चा निघाली की त्यांच्या बुद्धीला किंवा आळसाला दोष देऊन आपण मोकळे होतो. दहिवलीसारख्या ठिकाणाहून कर्जत स्थानक गाठून लोकलने कल्याणला किंवा मुंबईला शिकायला जाणाऱ्या मुलाचे किती तास प्रवासात जातात, घरी त्याला अभ्यासाला कोपरा आहे की नाही, न समजलेला भाग त्याने कोणाला विचारावा, हे प्रश्न निकालपत्रात दिसत नाहीत. त्यांचे महत्त्व जाणून घ्यायचे असेल, तर डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांचे विद्यार्थिजीवन पुन्हा एकवार पाहावे. असामान्य बुद्धीच्या जोडीला तेथे वेळेवर मिळालेल्या मदतीची एक अखंड साखळी आढळते.

१८९१ मध्ये जन्मलेल्या भीमरावांचे पहिले शिकवणी-शिक्षक म्हणजे त्यांचे वडील. लष्करी शाळेत अध्यापन केलेले सुभेदार रामजी मुलाकडून इंग्रजीचे भाषांतर घटवून घेत. परळच्या चाळीतील एका खोलीत सारे कुटुंब राहत असे. दिवसा तेथे अभ्यास होणे अशक्यच. म्हणून मुलाला लवकर निजवून वडील स्वतः रात्री दोनपर्यंत जागत, मग त्याला उठवीत आणि तो दिव्याच्या उजेडात पहाटेपर्यंत वाचीत असे. पुस्तकांसाठी रामजी विवाहित मुलींचे दागिने मागून आणून गहाण टाकीत व पेन्शन हाती येताच सोडवून परत करीत.

घराबाहेरचा आधार चर्नी रोडच्या बागेत भेटला. विल्सन हायस्कुलातील शिक्षक कृष्णराव अर्जुन केळुसकर संध्याकाळी तेथे वाचावयास जात. वाचनात बुडालेल्या या मुलाची त्यांनी आपण होऊन चौकशी केली, त्याला पुस्तके दिली आणि वाचनाला दिशा लावली. आपण लिहिलेले बुद्धचरित्रही त्यांनी त्याला भेट दिले. पुढे महाविद्यालयाचा खर्च रामजींना झेपेनासा झाला, तेव्हा केळुसकरच त्याला बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे घेऊन गेले. महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. एल्फिन्स्टन कॉलेजातील प्रा. मुल्लर यांनी पुस्तकांबरोबर कपडेही पुरविले. केळुसकर त्या मुलाच्या शाळेतले शिक्षक नव्हते, हे आजच्या शिक्षकवर्गाने विशेष ध्यानी घ्यावे.

बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले आणि १९१६ मध्ये तेथून लंडनला गेले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपताच १९१७ मध्ये त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. बुद्धी तीच, कष्ट तेच. आधार तुटला आणि शिक्षण थांबले. बडोद्याच्या नोकरीत अस्पृश्यतेचे चटके सोसून ते मुंबईस आले. काही काळ त्यांनी खाजगी शिकवण्या केल्या, मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली. शिल्लक टाकलेला पगार, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राचे पाच हजार रुपयांचे कर्ज एवढ्या बळावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये परतले; त्याच वर्षी त्यांना डी. एस्सी. ही पदवी मिळाली.

येथपर्यंतचा इतिहास भाग्यवान गाठीभेटींचा आहे. चर्नी रोडच्या बागेत केळुसकर त्या संध्याकाळी गेलेच नसते तर, हा विचार कोणाही सुजाण माणसाला अस्वस्थ करील. आंबेडकरांचे मोठेपण असे, की आपल्याला योगायोगाने जे लाभले ते इतरांना व्यवस्था म्हणून मिळावे यासाठी त्यांनी संस्था उभारल्या. १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि १९२५ च्या आरंभी सोलापुरास तिचे वसतिगृह सुरू झाले. चाळीतील कोंदट खोलीला हे उत्तर होते. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उघडले. तेथे सकाळच्या वेळी वर्ग भरत, त्यामुळे कचेरीत कारकुनी करणाऱ्या तरुणालाही कामावर जाण्यापूर्वी पदवीचा अभ्यास करता येऊ लागला. विद्यार्थ्याने नोकरी सोडावी असे न म्हणता महाविद्यालयाने आपले वेळापत्रक बदलावे, ही दृष्टी त्या काळी नवी होती. ग्रंथालय समृद्ध असावे, याविषयीही त्यांचा कटाक्ष असे. १९५० मध्ये औरंगाबादेस महाविद्यालय काढून त्यांनी मराठवाड्यातील विद्यार्थ्यांसाठी हे दार उघडले. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा हे कार्य त्यांच्या हयातीपुरते राहिलेले नव्हते.

आज शिकवणी हा विकत घेण्याचा माल झाला आहे आणि ज्याला सर्वाधिक गरज, त्यालाच तो परवडत नाही. अशा वेळी जयंतीला हार घालून आपले कर्तव्य संपते काय? शाळेची एखादी खोली रात्री अभ्यासिका म्हणून उघडी ठेवणे, वरच्या वर्गात गेलेल्यांची पुस्तके खालच्यांना मिळतील अशी नोंदवही ठेवणे, पदवीधर कारकुनाने व निवृत्त शिक्षकाने आठवड्याच्या दोन संध्याकाळी शंकानिरसनाला बसणे, यांपैकी कशालाही राजाश्रय लागत नाही. दहिवलीच्या मुलाला केळुसकर भेटतील की नाही, हे त्याच्या नशिबावर सोडून चालणार नाही. त्याने कोठे जावे आणि कोणाला विचारावे, याचा पत्ता त्याला आधीच ठाऊक असला पाहिजे.