नाव न मिळालेलं दुखणं

माझ्या भावाच्या दुखण्याला ‘बायपोलर’ हे नाव मिळायला नऊ वर्षं गेली. तेव्हापासून मला रॉबर्ट शुमान आठवतो. या जर्मन संगीतकाराने १८४० या एका वर्षात सव्वाशेहून अधिक गीतं रचली. १८४४ मध्ये तो पार खचला. फेब्रुवारी १८५४ मध्ये त्याने ऱ्हाइन नदीत उडी घेतली. त्याच वर्षी पॅरिसमध्ये फालरे आणि बायार्जे यांनी उन्माद व औदासीन्य ही एकाच आजाराची दोन रूपं असल्याचं मांडलं. १८५६ मध्ये शुमान मनोरुग्णालयातच वारला. त्याच्या निदानावर आजही वाद आहे; उपदंशाचाही संशय घेतला जातो. आमची चूक मात्र स्पष्ट आहे. भाऊ खचला की आम्ही डॉक्टर गाठायचो. उधाण आलं की बरा झाला म्हणून पेढे वाटायचो.