मीठ, पाणी आणि कमी मार्क्स
कोरड्या मिठातून करंट जात नाही, शुद्ध पाण्यातूनही जवळजवळ नाहीच. पण मीठ पाण्यात विरघळलं की आरामात जातो! असं का?

स्वीडनमध्ये १८५९ साली जन्मलेला स्वांते अऱ्हेनियस याच प्रश्नामागे लागला. १८८४ मध्ये उप्साला विद्यापीठात त्याने थिसिस दिला. प्रोफेसरांना तो पटला नाही, जेमतेम पास केलं. पण गडी खचला नाही. थिसिसच्या कॉपीज त्याने परदेशी शास्त्रज्ञांना पाठवल्या. ओस्टवाल्ड तर थेट रीगाहून भेटायला आला. १८८७ मध्ये सिद्धांत पूर्ण झाला: विरघळताना मिठाचे धन आणि ऋण आयन सुटे होतात, तेच करंट नेतात. साखरेचे आयन होत नाहीत, म्हणून साखरपाणी करंट नेत नाही.

१९०३ मध्ये याच कामासाठी नोबेल मिळालं. १९२७ मध्ये तो वारला.

तेव्हा मित्रांनो, मार्क्स कमी पडले तरी काम योग्य माणसाला जरूर दाखवा!