कडू कवठाचे तेल आणि डॉ. भाऊ दाजी

नायटा, गजकर्ण, खरूज. पावसाळ्यात कोणत्याही दवाखान्याच्या बाकावर बसलेली निम्मी मंडळी यांपैकी एखाद्या तक्रारीने आलेली असतात. खाज सुटते म्हणून माणूस डॉक्टरकडे धाव घेतो, मलम लावतो आणि बरा होतो. जो चट्टा खाजत नाही, दुखत नाही आणि टाचणी टोचली तरी कळत नाही, तो मात्र दुर्लक्षित राहतो. एकोणिसाव्या शतकातील मुंबईत असा चट्टा म्हणजे घरादाराला मुकणे होते. महारोग हे नावच माणसाला समाजाबाहेर काढण्यास पुरेसे होते. त्या रोगाशी झुंजण्याचे धाडस ज्या मोजक्या वैद्यांनी केले, त्यांत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.

रामचंद्र विठ्ठल लाड हे त्यांचे मूळ नाव. जन्म १८२२ चा, गोव्यातील मांद्रे गावचा. घरची स्थिती बेताची. बुद्धिबळातील त्यांची चमक पाहून एका इंग्रज गृहस्थाने या मुलाला इंग्रजी शिक्षण द्यावे, असा आग्रह वडिलांकडे धरला. त्यामुळे भाऊ मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत शिकले व पुढे तेथेच शिक्षक झाले. कच्छ-काठेवाडातील बालहत्येवर लिहिलेल्या निबंधाला पारितोषिक मिळाले. शिक्षकी सोडून ते ग्रँट मेडिकल कॉलेजात दाखल झाले आणि १८५१ मध्ये तेथून बाहेर पडलेल्या पहिल्या पदवीधरांत गणले गेले. धाकटे बंधू नारायण हेही डॉक्टर झाले. गोरगरिबांना विनामूल्य औषध देणारा दवाखाना दोघा भावांनी चालविला.

भाऊंचे सार्वजनिक जीवन सर्वश्रुत आहे. बाँबे असोसिएशन, स्त्रीशिक्षण, कालिदासाच्या काळाची चर्चा, अजिंठ्याचे शिलालेख, दोनदा मुंबईचे शेरीफपद. त्याची उजळणी येथे नको. एक प्रसंग मात्र सांगितलाच पाहिजे. १८६२ च्या गाजलेल्या महाराज लायबल खटल्यात भाऊंनी करसनदास मुळजींच्या बाजूने साक्ष दिली. वल्लभ संप्रदायातील जदुनाथजी महाराजांनी आपल्याकडे उपदंशाबद्दल सल्ला घेतला होता, असे त्यांनी भर न्यायालयात सांगितले. उपदंश अंगावर चट्ट्यांनी उमटतो, पण त्याचे नाव त्या काळी चारचौघांत कोणी घेत नसे. रुग्णाची गोष्ट उघड करावी का, हा प्रश्न आजचा डॉक्टर निश्चितच विचारील. भाऊंनी सार्वजनिक हित मोठे मानले. करसनदासांची बाजू न्यायालयाने उचलून धरली.

रुग्णाचे गुपित असे उघड करणाऱ्या या माणसाने औषधाचे गुपित मात्र जपले, ही त्यांच्या चरित्रातील खरी अडचण आहे. संस्कृत वैद्यकग्रंथ चाळून त्यांतील औषधे आधुनिक पद्धतीने पारखण्याचा त्यांना ध्यास होता. महारोगावर त्यांनी जे औषध दिले, त्याचे घटक ते सांगत नसत. ज्या औषधाची कृती ठाऊक नाही त्याची पारख इतरांनी करायची कशी? वैद्यकाच्या शिस्तीत गुप्त औषधाला जागा नाही आणि हे ग्रँट मेडिकलच्या पदवीधराला ठाऊक नव्हते, असे म्हणता येत नाही. कदाचित पुरेशी खात्री होईपर्यंत बोलायचे नाही, असा त्यांचा विचार असेल. तरीही एवढा काळ मौन राखणे समर्थनीय वाटत नाही.

काळाने त्यांना सवड दिली नाही. १८६५ च्या शेअर बाजाराच्या पडझडीत त्यांची संपत्ती गेली. पुढे अर्धांगवायूने गाठले. ३१ मे १८७४ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच्या आदल्याच वर्षी नॉर्वेत हान्सेन यांनी या रोगाचे जंतू पाहिले होते.

मग गुपित उकलले. ते होते कडू कवठाच्या बियांचे तेल. कवटी किंवा खष्ट या नावांनीही ओळखले जाणारे हे झाड पश्चिम घाटाच्या रानांत आजही उभे आहे. त्याच्याच कुळातील चौलमुग्राचे तेल बंगालमध्ये डॉ. मोआट यांनी १८५४ मध्ये पुढे आणले होते. म्हणजे भाऊंची दिशा चुकीची नव्हती. पोटात घेतल्यास हे तेल मळमळ आणी, म्हणून पुढे त्याची इंजेक्शने निघाली आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगभर तीच दिली गेली. रोग मुळापासून नाहीसा करण्याची ताकद त्यांत नव्हती. ती १९४० नंतरच्या डॅप्सोनमध्ये आणि विशेषतः १९८० नंतरच्या बहुविध औषधोपचारात आली. आज मुंबई असो वा नंदुरबार जिल्ह्यातील ब्राह्मणपुरी, बधिर चट्टा वेळीच दाखविला तर सरकारी आरोग्य यंत्रणेकडून गोळ्या मोफत मिळतात आणि सहा महिने ते वर्षभरात रुग्ण बरा होतो. उशीर झाला तर बोटे वाकतात. ती गोळ्यांनी पुन्हा सरळ होत नाहीत.

भायखळ्याच्या राणीबागेतील वस्तुसंग्रहालयाला १९७५ मध्ये भाऊंचे नाव देण्यात आले. त्यांचे लेखन १८८८ मध्ये कोलकात्यात पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. ते प्राच्यविद्येचे आहे. कडू कवठावरचा निबंध त्यांच्या हातून लिहून व्हायचा राहिला.